चौथी मराठीतून, पाचवी इंग्रजीतून: मे महिन्यात इंग्रजीची उजळणी कशी घ्यावी?

डिचोलीकरीण

नमस्कार मंडळी. लेक सरकारी मराठी शाळेतून चौथी पास झाली. जूनपासून हायस्कूल, म्हणजे गणित, विज्ञान, इतिहास सगळं इंग्रजीतून. आपल्याकडे गोव्यात बऱ्याच जणांचा रस्ता हाच, घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि पाचवीला इंग्रजी. आम्हीही त्यातूनच गेलो.

इंग्रजी हा विषय तिला पहिलीपासून आहे आणि मार्कही चांगले आहेत. 'व्हॉट इज अ नाऊन?' विचारलं की व्याख्या एका दमात म्हणून दाखवते. कविता हातवाऱ्यांसकट पाठ. परवा मात्र म्हटलं, आपल्या काजूंवर पाच वाक्यं मनाने लिही. पेन्सिल चावत बराच वेळ बसली आणि हे लिहिलं:

'माय आजी इज गो टू काजू बाग डेली. शी टेकिंग बास्केट. बोंडू इज फॉल डाऊन. आय पिक हिम. वी डिड ड्रँक नीरो.'

(बोंडू म्हणजे काजूचं फळ आणि नीरो म्हणजे त्याचा रस.) माझ्या पोटात गोळा आला. नवऱ्याचं म्हणणं, सुट्टीत ट्यूशन लावू. मला ते नकोय, मे महिन्यात पोरीने आंबे-फणस खावेत, आजोळी जावं. रोज थोडा वेळ मीच बसेन. पण सुरुवात कुठून करू? व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून घेऊ की शब्द पाठ करून घेऊ? लिहायला कसं शिकवू? शिवाय नव्या शाळेत पाचवीपासून डिबेट असतं म्हणे. आमचं ध्यान पाहुण्यांसमोर नावसुद्धा सांगत नाही.

अनुभवी लोकांनी लिहावं.

सुशेगाद_सदा

पाचवं वाक्य सगळ्यात आवडलं. नीरो उरलाय का?

आंत्रुजची_बाई

ताई, मी फोंडा तालुक्यात बरीच वर्षं पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. पोटातला गोळा काढून टाका. आधी त्या पाच वाक्यांत बरोबर काय आहे ते बघा. मराठीत क्रियापद शेवटी बसतं, 'आजी रोज बागेत जाते'. पोरीने ते उचलून कर्त्याच्या शेजारी आणून बसवलं, आणि तेही पाचही वाक्यांत. ज्या मुलाला हा क्रम बसलाय त्याची उजळणी घेता येते. ज्याला बसलेला नाही त्याला पहिल्यापासून शिकवावं लागतं. तुमचं काम उजळणीचं आहे.

आता चुका. 'हिम' आणि गाळलेले ए-द सोडले तर सगळी गडबड क्रियापदाची आहे. 'इज म्हणजे आहे' एवढंच मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं, मग दिसेल तिथे इज पेरतात. तिला दोनच खण करून द्या. रोज घडतं त्याला 'आजी गोज'. आत्ता डोळ्यांसमोर चाललंय त्याला 'आजी इज गोइंग'. क्रियापदाच्या आधी इज लावलं तर मागे आयएनजी हवं, आणि आयएनजी लावलं तर आधी इज हवं. (पॅसिव्ह वगैरे पुढचं पुढे.) तिच्या पहिल्या वाक्यात इज आहे, आयएनजी नाही. दुसऱ्यात आयएनजी आहे, इज नाही. तुम्ही सांगू नका, दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून तिलाच विचारा कुणाचं काय हरवलंय.

'डिड ड्रँक' ही चूक दहावीपर्यंत पाठ सोडत नाही, कॉलेजातसुद्धा ऐकलीय. त्यासाठी माझा एक जुना उपाय. कागदाचा कपटा घ्या, त्यावर 'एस' हे अक्षर लिहा. पाटीवर किंवा फरशीवर खडूने लिहा 'आजी ड्रिंक नीरो', आणि कपटा ड्रिंकच्या शेपटीला ठेवा: आजी ड्रिंक्स नीरो. आता प्रश्न करायचा. पुढे 'डू' आणा आणि तोच कपटा उचलून 'डू'ला चिकटवा: डझ आजी ड्रिंक नीरो? (लिहिताना मध्ये एक 'ई' येतो, तो खडूने घाला.) नकार करा: आजी डझ नॉट ड्रिंक नीरो. कपटा एकच आहे, तेव्हा तो दोन ठिकाणी असू शकत नाही. 'डझ शी ड्रिंक्स' म्हणाली तर विचारायचं, दुसरा कपटा आणलास कुठून? भूतकाळालाही हेच. भूतकाळ 'डिड'ने उचलला की ड्रँक परत ड्रिंक होतो. साध्या होकारी वाक्यात डिडची गरजच नाही: वी ड्रँक नीरो.

'हिम' कुठून आला सांगू? घरात 'बोंडू पडलो' म्हणता ना, बोंडू पुल्लिंगी. खुर्ची ती, पंखा तो, झाड ते, अशा भाषांत वाढलेलं मूल इंग्रजीतही हेच करणार. निर्जीव वस्तूला एकवचनात 'इट', एवढं एकदा सांगा. फार ताणू नका, वाचनाने जातं.

आर्टिकलवर पानभर नियम असतात, त्यातले दोनच आत्ता घ्या. पहिला कानाचा: ए की ॲन हे अक्षरावर नाही, उच्चारावर ठरतं. म्हणून 'ॲन अवर', पण 'अ युनिफॉर्म'. दुसरा गोष्टीचा: आपण 'एक होता राजा' म्हणतो आणि पुढच्या वाक्यात 'त्या राजाला' म्हणतो. पहिल्या भेटीला ए, ओळख झाल्यावर द. 'आय सॉ अ डॉग. द डॉग वॉज ब्लॅक.' एवढ्यावर पाचवी निभते.

आणि एक. मुलं 'वॉक-एड', 'जंप-एड' असं वाचतात. ईडीचे उच्चार तीन: वॉक्टमधला ट, प्लेडमधला ड आणि वॉन्टेडमधला इड. मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड ऐकू येत असेल तरच इड. हे एकदा कळलं की मोठ्याने वाचायची भीती बरीच कमी होते, कारण वर्गात हसतात ते यालाच.

नाऊन-प्रोनाऊनच्या व्याख्या सुट्टीत बंद ठेवल्या तरी काही बिघडणार नाही.

जर्सीतला_गोंयकार

बाईंच्या कपट्याला दंडवत. मी मूळचा पेडण्याचा, सध्या न्यू जर्सीत. पोरगा तिसरीत आहे, त्याच्या शाळेतलं थोडं लिहितो, घेण्यासारखं वाटलं तर घ्या.

इथे प्राथमिकला या विषयाला 'इंग्लिश लँग्वेज आर्ट्स' म्हणतात. वाचन, लेखन, बोलणं-ऐकणं आणि व्याकरण-शब्द हे सगळं एकाच विषयात. २०१० साली कॉमन कोअर नावाचा आराखडा आला, तो बऱ्याच राज्यांनी घेतला, काहींनी पुढे नाव बदलून ठेवला. त्यात लेखनाचे तीन प्रकार केलेत: मत मांडणारं, माहिती देणारं आणि गोष्ट सांगणारं. आणि हे तिन्ही बालवाडीपासूनच. तिथे मूल चित्र काढतं आणि त्याखाली जमेल ते खरडतं, तेच त्याचं 'मत'.

मला यात आवडलं ते असं की विषय एकच ठेवून तिन्ही प्रकार लिहवले तर तीन वेगवेगळी व्याकरणं आपोआप घोटली जातात. ताईंच्या काजूंचंच घ्या. नीरो कसा काढतात ही माहिती: 'वी पिक द फ्रूट. वी रिमूव्ह द नट. वी क्रश द फ्रूट. वी पुट अ वेट ऑन इट. द ज्यूस ड्रिप्स.' सगळा साधा वर्तमानकाळ, आणि बाईंचा कपटा फक्त शेवटच्या वाक्यात लागला. त्यावर 'फर्स्ट, देन, आफ्टर दॅट' पेरले की परिच्छेद झाला. मग गोष्ट: 'यस्टरडे आय वेंट विथ माय आजी', हा सगळा भूतकाळ. मग मत: 'नीरो इज बेटर दॅन लेमन सोडा बिकॉज', इथे तुलना आणि कारण.

मताच्या लेखनाला इथल्या शिक्षकांचा एक साचा आहे, ओरिओ. ओपिनियन, रीझन, एक्झाम्पल आणि पुन्हा ओपिनियन. मत सांगा, कारण द्या, उदाहरण द्या, मत पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगा. चार वाक्यांत काम होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिला खर्डा आणि शेवटची प्रत या वेगळ्या असतात. आधी मजकूर सुधारतात, म्हणजे काय राहिलं, काय जास्त झालं, कुठलं वाक्य आधी हवं. स्पेलिंग आणि विरामचिन्हं सगळ्यात शेवटी. आमच्या वेळी शिक्षक स्पेलिंगपासूनच सुरुवात करायचे आणि मजकुरापर्यंत कधी पोचायचेच नाहीत.

एक सावधगिरी: इंटरनेटवर मिळणाऱ्या बहुतेक वर्कशीट अमेरिकन असतात. कलर, सेंटर यांची स्पेलिंगं तिथे वेगळी. नोआ वेबस्टरने १८२८च्या शब्दकोशात जी स्पेलिंगं रुळवली ती अमेरिकेत राहिली, आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश पद्धतीची. छापून घेताना लक्ष ठेवा.

सुशेगाद_सदा

आमच्याकडे ओरिओ परवडत नाही, मारी बिस्किटात बसवून द्या.

मडगांवची_माई

मी ट्यूशन घेते, त्यामुळे डिचोलीकरीणताईंच्या नवऱ्याच्या बाजूने बोलायला हवं! पण नाही. सुट्टीत ट्यूशनला नेलेलं मूल जूनमध्ये कंटाळलेलंच शाळेत जातं.

शब्दांबद्दल लिहिते. पालक शब्द पाठ करून घेतात ते फळं, फुलं, रंग, प्राणी. पाचवीच्या पहिल्या चाचणीत मूल अडतं ते 'प्रॉन'चं स्पेलिंग न आल्याने नव्हे. प्रश्नच कळत नाही. म्हणून माझ्याकडे पाचवीत आलेल्या मुलांना पहिल्यांदा देते ते प्रश्नपत्रिकेतले शब्द: डिफाइन, डिस्क्राइब, एक्सप्लेन, कंपेअर, स्टेट, नेम द फॉलोइंग, गिव्ह रीझन्स, मॅच द कॉलम्स. 'नेम' म्हटलं की एक शब्द पुरतो, 'एक्सप्लेन' म्हटलं की नाही. 'गिव्ह रीझन्स'ला उत्तरात बिकॉज यायला हवं. गेल्या वर्षी एक मुलगा 'डिस्टिंग्विश बिट्वीन' दिसलं की तो प्रश्न सोडूनच द्यायचा. विषय त्याला मराठीत व्यवस्थित येत होता, दोन रकाने काढून फरक तोंडी घडाघडा सांगायचा.

मग गणिताचे शब्द. अपूर्णांक, अंश, छेद, परिमिती, कोन हे सगळं मूल चौथीत शिकून आलेलं असतं. त्याला नवीन काही समजायचं नसतं, ओळखीच्या माणसाचं दुसरं नाव तेवढं लक्षात ठेवायचं असतं. फ्रॅक्शन, न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, पेरिमीटर, ॲंगल. चौथीचंच गणिताचं पुस्तक घ्या आणि त्याच्यावर पेन्सिलीने इंग्रजी शब्द लिहीत जा. अवघड वाटणारे निम्मे शब्द तिथेच ओळखीचे होतात. परिसर अभ्यासाचंही तसंच.

तिसरा ढीग अगदी बारक्या शब्दांचा. वॉज, वेअर, देअर, व्हेअर, व्हाय, बिकॉज, कुड, दीज. चित्र काढून दाखवता येत नाहीत म्हणून कुणी शिकवत नाही, पण मुलांच्या पुस्तकात पानोपानी तेच. एडवर्ड डॉल्च नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९३६मध्ये अशा २२० शब्दांची यादी केली, आणि तीत मुद्दाम नामं घातली नाहीत. नामांची वेगळी ९५ शब्दांची यादी पुढे जोडली. डॉल्चची यादी म्हणून शोधलं की मिळते. ती पाठ करायची नाही. पाचसहा शब्दांच्या चिठ्ठ्या फ्रिजवर लावा, येताजाता नजरेखालून जाऊ द्या, बसले की बदला.

स्पेलिंगबद्दल: मराठी मूल बोलतो तसंच लिहायचं या सवयीने येतं, त्यामुळे 'एनीवन' ऐकून भलतंच लिहितं. सगळं इंग्रजी बेभरवशाचं नसतं हे दाखवायला शेवटचा मुका 'ई' बरा. किट–काइट, कॅप–केप, हॉप–होप. ई स्वतः बोलत नाही पण मधल्या स्वराला लांब करतो. अपवाद आहेत, 'हॅव' आहे, 'गिव्ह' आहे. ते नंतर.

आणि शब्दाच्या आधी-मागे जोडायचे प्रिफिक्स-सफिक्सचे दोनचार तुकडे द्या. अन्, री, फुल, लेस. हॅपी-अनहॅपी, यूज-रीयूज, केअरफुल-केअरलेस. पाचवीत हे विचारतातच.

डिचोलीकरीण

बाई, माई, दादा, देव बरें करूं. वाचनखूण साठवली आहे.

कपट्याचा खेळ जोरात चालू आहे, आजीसुद्धा त्यात ओढली गेलीय. पण नवीन भानगड. पोरगी आता दिसेल त्याला एस लावत सुटलीय. 'दे गोज', 'आय ड्रिंक्स', 'शी कॅन गोज'. आधीच बरं होतं का?

आंत्रुजची_बाई

नाही ताई, हे शुभलक्षण आहे. नियम हाताला लागला की मूल तो सगळीकडे लावून बघतं. मराठी शिकतानाही लहानपणी 'मी करलं' म्हणाली असेलच की, ते कुणी शिकवलं होतं? आपोआप 'केलं' झालं.

आता कपट्याच्या मालकांची यादी करा: ही, शी, इट आणि एक माणूस किंवा एक वस्तू. बाकीच्यांना कपटा मिळत नाही. दारावर आजीचा एकटीचा फोटो आणि घरातल्या सगळ्यांचा फोटो लावा. एकटीला एस, घोळक्याला नाही. (नामाला घोळक्यात एस आणि क्रियापदाला एकट्यात एस, हा इंग्रजीचा आचरटपणा आहे, त्याला माझा इलाज नाही.) आणि कॅन, विल, मस्ट, शुड आले की कपटा थेट खिशात. त्यांच्या मागे क्रियापद उघडंच येतं.

लाल पेनाबद्दलही सांगते. तिच्या पाच वाक्यांत सगळ्या चुका एका दिवशी दाखवू नका. आज फक्त क्रियापदं बघायची, तर आर्टिकल गाळलेलं दिसलं तरी डोळेझाक. लालभडक पान बघून मूल पुढच्या वेळी तीनच वाक्यं लिहितं, आणि तीही चूक होणार नाही अशी, म्हणजे 'धिस इज अ कॅट' छापाची.

वाळपईचो_बाबलो

हे सगळे उपद्व्याप करायचेच कशाला? पहिलीपासूनच इंग्रजी शाळेत घालायचं होतं. शेवटी पाचवीत तिकडेच जायचंय. माझी दोन्ही मुलं इंग्रजीतून शिकली, एकही कपटा लागला नाही.

रानमोगरा

बाबलो, तुमच्या मुलांना शिवाजीवर पाच ओळी मराठीतून लिहून दाखवा म्हणावं. मातृभाषेचा पाया पक्का असला की दुसरी भाषा चढते. २०२०च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा म्हटलंय.

वाळपईचो_बाबलो

धोरण कागदावर. १९९०पासून अनुदान फक्त मराठी-कोंकणी प्राथमिक शाळांना होतं, तरी लोक पैसे भरून इंग्रजीतच घालत होते. शेवटी २०११मध्ये सरकारने इंग्रजीलाही अनुदान दिलंच की. लोकांना काय हवं ते बघा.

रानमोगरा

आणि त्यावर केवढं आंदोलन झालं ते विसरलात. लोक म्हणजे कोण? आमच्या गावची शाळा पटसंख्येअभावी बंद पडायला आली ती तुमच्यासारख्यांमुळे.

संचालक मंडळ

माध्यमाचा वाद घालायला स्वतंत्र धागे आहेत, बरेच आहेत. इथे ताईंच्या प्रश्नाला धरून लिहावं. वैयक्तिक शेरे उडवले जातील.

वादी_प्रतिवादी

संचालक, वरचे चार प्रतिसाद उडवू नका, मला ते हवेत. मी म्हापशात वकिली करतो आणि शालेय वक्तृत्व-वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून जातो. ताईंनी डिबेटचं विचारलं होतं, ते कुणीच घेतलं नाही.

बाबलो आणि रानमोगरा यांच्यात काय झालं बघा. बाबलोंचा मुद्दा: पाचवीत इंग्रजीकडे जायचंच आहे, तर आधीच का नको? रानमोगरांनी त्याला उत्तर दिलं नाही, आपला वेगळा मुद्दा मांडला. बाबलोंनीही पायाच्या मुद्द्याला हात न लावता लोकांच्या इच्छेकडे उडी मारली. दोघांकडे साल आहे, माहिती आहे, पण एकाचं दुसऱ्याला लागतच नाही. शालेय स्पर्धांत अगदी हेच दिसतं. प्रत्येक मूल पाठ केलेलं भाषण म्हणून खाली बसतं. ते एलोक्यूशन झालं. डिबेटमध्ये समोरचा काय बोलला ते आधी ऐकावं लागतं.

म्हणून लाजऱ्या मुलाला पहिला सराव बोलण्याचा देऊ नका, ऐकण्याचा द्या. 'आई म्हणते अमुक, कारण तमुक' एवढं परत सांगता आलं पाहिजे. इंग्रजीत: 'माय मदर सेज दॅट... बिकॉज...' मग त्याला 'बट आय थिंक...' जोडायचं. या दोन सांगाड्यांवर पाचवीचं निम्मं डिबेट उभं राहतं. उरलेल्याला 'फॉर एक्झाम्पल' आणि 'आय डिसअग्री बिकॉज'.

विषय घरातले घ्या. चवथीच्या (गणपतीच्या) सुट्टीत गृहपाठ असावा का? सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पाव की घरची भाकरी? मोबाइल जेवताना असावा का? पर्यावरण, महिला सक्षमीकरण असले विषय दहा वर्षांच्या पोरांना देतात तेव्हा भाषण पालकांनी लिहिलेलं असतं हे पहिल्या वाक्यात कळतं. पहिली फेरी कोंकणीत किंवा मराठीत होऊ दे. मुद्देच नसतील तर इंग्रजीत मांडणार काय? मग तोच विषय इंग्रजीत, एक मिनिट. आणि तिसऱ्या फेरीला बाजू बदला. पावाची बाजू घेणाऱ्या मुलीने भाकरीसाठी भांडायचं. मुलांना यात भलतीच मजा येते, मोठ्यांना जमत नाही.

एक गोष्ट आवर्जून शिकवा: वस्तुस्थिती आणि मत वेगळं काढणं. पाचवीच्या पुस्तकांतही फॅक्ट आणि ओपिनियन असा प्रश्न असतो. आपल्या गोव्याचंच उदाहरण घ्या. १६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला. संघप्रदेश राहावं म्हणून १,७२,१९१ मतं पडली आणि महाराष्ट्रात विलीन व्हावं म्हणून १,३८,१७०. ही वस्तुस्थिती, कुणीही मोजून बघावी. एका बाजूची खूण दोन पानं, दुसरीची फूल, हीदेखील वस्तुस्थिती. विलीनीकरणाच्या विरोधात हिरिरीने लिहिणारं 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठी होतं, हे ऐकून मुलांना नवल वाटतं, पण तीही वस्तुस्थितीच. 'बरं झालं' किंवा 'वाईट झालं' हे मत. इंग्रजीत मताच्या आधी 'आय थिंक' लावता येतं, वस्तुस्थितीच्या आधी लावलं तर हसू येतं. 'आय थिंक टुडे इज मंडे' म्हणणाऱ्याला कॅलेंडर दाखवतात. ही चाचणी मुलीला करू द्या, वर्तमानपत्रातल्या बातमीवर लावून बघू द्या.

संचालक मंडळ

'बरं झालं की वाईट' यावर इथे कुणी लिहू नये ही आगाऊ विनंती.

वाळपईचो_बाबलो

वकीलसाहेब, मान्य. आता रानमोगरांच्या बाजूने बोलून दाखवतो: मूल विचार करतं ती भाषा आणि शाळेची भाषा एक असली तर ते प्रश्न विचारायला घाबरत नाही. मार्क किती?

रानमोगरा

दहापैकी सहा. उदाहरण दिलं नाहीत.

कुडचडें_लोकल

विषयांतर थांबलं असेल तर माझे चार शब्द. आम्ही पाचवीत गेल्यावर एबीसीडी गिरवली, त्यामुळे आजची मुलं बरीच पुढे आहेत. पुस्तकांबद्दल कुणी लिहिलं नाही. व्याकरण कितीही घोटलं तरी वाचल्याशिवाय कान तयार होत नाही. पणजीला पाटो इथे कृष्णदास शामा केंद्रीय ग्रंथालय आहे, मूळ १८३२चं, मुलांचा विभाग चांगला आहे. डिचोलीहून एखाद्या शनिवारी नेता येईल. मात्र वयाप्रमाणे पुस्तक निवडू नका. दहा वर्षांच्या मुलांचं इंग्रजी पुस्तक तिला जड जाईल आणि ती ते मिटून ठेवेल. कुठलंही पान उघडून तिला वाचायला सांगा, एका पानात पाचाहून जास्त शब्द अडले तर पुस्तक परत ठेवा. चित्रांची, चार ओळींची पुस्तकं घ्यायला लाजू नका.

वाचताना प्रत्येक शब्दाला थांबवून अर्थ विचारू नका, ही दुसरी विनंती. गोष्ट संपू दे. मग कोण, कुठे, का, एवढे प्रश्न पुरे.

डिचोलीकरीण

ग्रंथालयाचं लक्षातच आलं नव्हतं. नेते. आता शेवटची शंका. जूनमध्ये पहिल्या दिवशी वर्गात सगळं इंग्रजी कानावर आदळणार. काही कळलं नाही तर ही गप्प बसेल, घरी येऊनही सांगणार नाही. त्याला काय करू?

मडगांवची_माई

त्याला वाक्यं तयार हवीत, ऐनवेळी जुळवायला लावू नका. 'सॉरी टीचर, आय डिडंट अंडरस्टँड.' 'प्लीज से इट अगेन.' 'कॅन आय से इट इन मराठी?' 'हाऊ डू यू स्पेल इट?' ही चार घरात वापरात आणा. जेवताना मीठ मागितलं की तुम्हीच म्हणा, प्लीज से इट अगेन. तोंडाला सवय लागली की वर्गात सुटतं. तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. बऱ्याच शाळांत पाचवीच्या टीचरना मुलं कुठून आलीत ते ठाऊक असतं, मराठीत सांगू देतात.

आंत्रुजची_बाई

माईंच्या चारात माझं एक घाला: 'टीचर, व्हॉट डझ धिस वर्ड मीन?' आणि ती 'व्हॉट धिस वर्ड मीन्स' म्हणाली, तर कपटा कुठे ठेवलाय ते विचारा.